एक तबकडी आणि तिचे श्रोते

वाचकहो, बाजारात नवा माल आला, की व्यापारी पहिला प्रश्न विचारतो, "खपेल किती?" पुस्तकाचा प्रकाशक हा प्रश्न विचारतो, नाटकाचा कंत्राटदार विचारतो, आणि गाण्याच्या तबकड्या काढणारी कंपनीही विचारते. त्यात वाईट असे काही नाही. ज्याच्या खिशातला पैसा लागतो त्याने हिशेब करायलाच हवा. पण कलेच्या बाबतीत हा हिशेब कधी कधी सपशेल चुकतो, आणि तो का चुकला हे शोधू लागले, म्हणजे कलेविषयी आणि श्रोत्यांविषयीही चार गोष्टी कळतात. आज अशाच एका चुकलेल्या हिशेबाची हकीकत आपल्याला सांगायची आहे.

१९९८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेत एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी', म्हणजे समुद्रावरून जाणाऱ्या विमानात. ती काढणाऱ्या मंडळींचे नाव त्याहून गमतीचे, 'न्यूट्रल मिल्क हॉटेल'. यात दूध नाही आणि हॉटेलही नाही. चार तरुणांच्या वाद्यमेळाचे हे नाव. तबकडीत एकंदर अकरा चिजा, आणि साऱ्या मिळून वेळ चाळीस मिनिटांचा. कंपनीने पहिल्या खेपेला सुमारे ५,५०० सीडी आणि १,६०० मोठ्या काळ्या तबकड्या काढल्या. ज्या देशात लोकप्रिय गाणी दहा-दहा लाखांनी खपतात, तिथे सात हजार म्हणजे दर्या में खसखस! एवढ्या खपल्या तरी पुष्कळ, असाच सगळ्यांचा अंदाज होता. पुढच्या पंधरा वर्षांत तिच्या तीन लाखांहून अधिक प्रती गेल्या. मधल्या काळात हा वाद्यमेळ गातच नव्हता. जाहिरात नाही, दौरा नाही, नवी तबकडी नाही. मग या प्रती घेतल्या कोणी, आणि का?

हे समजून घ्यायचे तर आधी 'इंडी' या शब्दाचा उलगडा करायला हवा. 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे हे घरगुती रूप. रॉक संगीत म्हणजे विजेवरची गिटार, ढोल आणि मोकळा गळा यांवर उभे राहिलेले संगीत, हे आपल्याला ऐकून माहीत असेल. या संगीताचा व्यापार मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. कलावंताला आगाऊ रक्कम द्यायची, महागडा स्टुडिओ घ्यायचा, जाहिरातीवर पैसा ओतायचा आणि मग तो सारा खर्च खपातून वसूल करायचा, ही त्यांची रीत. अशा ठिकाणी गाणे लाखांनी खपलेच पाहिजे, नाहीतर कलावंत कर्जात. स्वतंत्र कंपन्यांचे तसे नसते. खर्च थोडा, अपेक्षा थोडी, आणि त्यामुळे कलावंताला मोकळीक जास्त.

ही तबकडी काढणारी 'मर्ज रेकॉर्ड्स' अशीच एक लहान कंपनी. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावी १९८९ साली मॅक मॅकॉहन आणि लॉरा बॅलन्स या दोघांनी ती सुरू केली. दोघेही 'सुपरचंक' नावाच्या वाद्यमेळात स्वतः वाजवीत. आपली आणि आपल्या मित्रांची गाणी काढायची, एवढाच तेव्हाचा उद्देश. सांगायचे तात्पर्य हे, की हिशेब करणारा माणूसही इथे गाणारा-वाजवणाराच होता. सात हजार हा आकडा त्याने कंजूषपणाने ठरवला नव्हता. आपल्या जातीच्या माणसाने अनुभवाने बांधलेला तो अंदाज होता. म्हणून तर तो चुकला याचे नवल अधिक.

आता मूळ माणसाकडे वळू. जेफ मँगम हा १९७० साली जन्मलेला मुलगा लुइझियाना राज्यातल्या रस्टन नावाच्या गावात वाढला. रस्टन हे काही कलेचे माहेरघर नव्हे. गावात एक विद्यापीठ, आणि विद्यापीठाचे स्वतःचे एक लहानसे रेडिओ केंद्र. अमेरिकेत अशी विद्यार्थ्यांनी चालवलेली केंद्रे पुष्कळ आहेत. त्यांना जाहिरातीची फारशी फिकीर नसते, त्यामुळे मोठी केंद्रे ज्या तबकड्यांना हात लावत नाहीत त्या इथे वाजतात. आपल्या गावापासून शेकडो मैलांवर कोणी काही वेगळे करीत आहे, ही बातमी खेड्यातल्या मुलाला पोहोचते ती अशा केंद्रांतून. रेडिओचे हे काम लहान दिसते, पण ज्याच्या कानी ते पडते त्याचा जन्म बदलून जातो.

मँगमचे शाळेपासूनचे तीन सोबती: रॉबर्ट श्नायडर, बिल डॉस आणि विल कलन हार्ट. ही मुले घरच्या घरी गाणी रचीत, कॅसेटवर भरीत आणि एकमेकांना देत. अमक्याने काल काय केले, ते ऐकून तमका आज त्याहून अजब काही करी. पुढे पोटापाण्यासाठी आणि शिक्षणासाठी मंडळी पांगली. श्नायडर कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरी गेला. डॉस आणि हार्ट जॉर्जियातल्या अथेन्सला. पण कॅसेटची देवघेव टपालाने चालूच राहिली. आपल्या या मित्रमंडळाला त्यांनी नाव दिले 'एलिफंट सिक्स'. कार्यालय नाही, घटना नाही, वर्गणी नाही. एकाच्या तबकडीत दुसऱ्याने वाजवायचे आणि दुसऱ्याच्या तबकडीवर तिसऱ्याने चित्र काढायचे, असा तो आपसांतला इर्जिकीचा मामला.

या मुलांचे शिक्षण ज्या यंत्रावर झाले त्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. साध्या कॅसेटच्या फितीला दोन बाजू असतात, आणि प्रत्येक बाजूवर डावा-उजवा असे दोन पट्टे, म्हणजे एकूण चार. घरगुती चौपट्टी यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरते. पहिल्यावर गिटार भरायची, ती कानाला लावून दुसऱ्यावर ढोल, आणि त्या दोन्ही ऐकत तिसऱ्यावर गळा. मग तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवले, की पहिले तीन पुन्हा मोकळे! एकटा माणूस अशा रीतीने अख्खा वाद्यमेळ उभा करू शकतो. मात्र प्रत्येक उतरवणीला फितीची सळसळ वाढते आणि आवाज जाडाभरडा होत जातो. सुशिक्षित ध्वनिमुद्रकाला हा दोष वाटतो. या मुलांच्या कानांना तोच आवाज घरचा वाटू लागला, आणि पुढच्या गोष्टीचे मर्म तिथेच आहे.

१९९६ साली 'न्यूट्रल मिल्क हॉटेल'ची पहिली तबकडी 'ऑन अ‍ॅव्हरी आयलंड' मर्ज कंपनीने काढली. ती जवळजवळ मँगम आणि श्नायडर या दोघांचीच करामत. पण तबकडी निघाली, की गावोगाव फिरून वाजवावे लागते, आणि दोघांनी ते कसे जमावे? तेव्हा माणसांची जमवाजमव सुरू झाली. ज्युलियन कोस्टर आला. त्याला अकॉर्डियनपासून करवतीपर्यंत काहीही वाजवता येई. जेरेमी बार्न्स ढोलावर बसला. स्कॉट स्पिलेन टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरी पिझ्झाच्या दुकानात काम करीत होता. तो आपली पितळी शिंगे घेऊन निघाला. काही दिवस चौघांनी न्यूयॉर्कमध्ये कोस्टरच्या आजीच्या घरी तालीम केली आणि मग बिऱ्हाड अथेन्सला हलवले. मोठ्या कंपन्यांच्या भाषेत यात एकही 'नाव' नव्हते.

याच सुमारास मँगमच्या हाती एक पुस्तक आले, आणि ते होते अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी. आपल्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल; मराठीतही ती आलेली आहे. १९२९ साली जन्मलेली ही ज्यू मुलगी १९४२ च्या जुलैपासून १९४४ च्या ऑगस्टपर्यंत अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका इमारतीच्या मागल्या भागात कुटुंबासह लपून राहिली. मग पकडली गेली आणि १९४५ च्या आरंभी बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याआधीच वारली. तिच्या वडिलांनी १९४७ साली रोजनिशी छापून आणली. शाळेत हे पुस्तक अनेक जण वाचतात, दोन दिवस हळहळतात आणि पुढच्या धड्याला लागतात. मँगमने ते मोठेपणी वाचले, आणि तो पार कोसळला. मागल्या काळात जाऊन त्या मुलीला वाचवता आले तर, असे विचार आपल्याला स्वप्नातही छळीत, असे त्याने पुढे मुलाखतीत सांगितले. ज्या माणसाला मरून पन्नास वर्षे झाली त्याला वाचवण्याची ही तळमळ! व्यवहारात तिला वेड म्हणतात. पण या तबकडीतल्या अनेक गाण्यांचा उगम तिथेच आहे. एका गाण्याचे तर नावच 'हॉलंड, १९४५'.

१९९७ सालच्या जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत डेन्व्हरमध्ये ध्वनिमुद्रण झाले. 'पेट साउंड्स' नावाचा हा स्टुडिओ एका राहत्या घरातच थाटलेला होता. यंत्रे सांभाळायला बालमित्र श्नायडर. त्याने मायक्रोफोन गिटारच्या आणि तोंडाच्या अगदी जवळ ठेवले आणि आवाज मुद्दाम दाबून भरला. मोठा आवाज खाली दाबायचा आणि लहान आवाज वर उचलायचा, अशी एक विजेची युक्ती असते. तिच्यामुळे गाणारा माणूस आपल्या कानाशी बसून गातो आहे असे वाटते.

दुसरी युक्ती म्हणजे आवाज फाडण्याची. ध्वनीची लहर यंत्रात शिरते तेव्हा तिची उंची यंत्राच्या ताकदीत बसली पाहिजे. ती जास्त झाली, तर लहरीचा माथा छाटला जातो, आणि छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले वरचे स्वर पैदा होतात. लग्नाच्या मांडवावर बांधलेला कर्णा पुरा पिळला म्हणजे जो खरखरीत, तापलेला आवाज येतो ना, तोच हा प्रकार. स्वच्छ आवाज हवा असलेला ध्वनिमुद्रक यापासून चार हात दूर राहतो. श्नायडरने तो जवळ केला, पण सरसकट नव्हे. एका चिजेत साधी लाकडी गिटार अगदी स्वच्छ ऐकू येते, आणि पुढच्या चिजेत तिच्या अंगाला आग लागल्यासारखी वाटते. नदीच्या काठाशी पाणी संथ असते आणि मधोमध धार असते, तसे काहीसे. 'हॉलंड, १९४५' हे गाणे तर आरंभापासून शेवटपर्यंत धारेतच आहे.

वाद्येही पाहण्यासारखी आहेत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्लुगलहॉर्न, युफोनियम. म्हणजे वरातीच्या बँडमध्ये आपल्याला दिसतात त्याच घराण्यातली पितळी वाद्ये. ती फार सुबक वाजवलेली नाहीत. स्पिलेनच्या एका शब्दाविना चिजेत तर ती अशी चालतात, की अंत्ययात्रा म्हणावी की मिरवणूक, असा संभ्रम पडतो. दुसऱ्या एका चिजेत आयर्लंडची भात्याची मुरली आहे. आणि वाजवणाऱ्यांच्या यादीत मँगमच्या नावापुढे एक वाद्य लिहिले आहे, लघुलहरींचा रेडिओ! लघुलहरींवर केंद्र शोधताना खुंटी पिळली, की मधल्या जागेत शिट्ट्या, कुजबुज, कुणाची तरी अर्धी वाक्ये ऐकू येतात. जुन्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. त्या दूरच्या, हाती न लागणाऱ्या आवाजाचाही या माणसाने उपयोग करून घेतला.

आणि करवत! ही थट्टा नाही. लाकूड कापायची लांब करवत मांडीत मूठ धरून उभी करतात, तिचे पाते वाकवतात, आणि दात नसलेल्या कडेवरून सारंगीसारखा गज फिरवतात. पाते इंग्रजी एस अक्षरासारखे दोनदा वाकले, म्हणजे मधे एक छोटासा भाग सरळ राहतो. कंप तेवढ्याच भागात कोंडला जातो, म्हणून नाद स्वच्छ आणि लांबट निघतो. बाक कमीअधिक केला, की ती जागा वरखाली सरकते आणि स्वर बदलतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत. सगळी मदार कानावर. त्यामुळे स्वर एकीकडून दुसरीकडे घसरत, मिंडेने जातो. दुरून ऐकणाऱ्याला एखादी बाई शब्दांविना गाते आहे असे वाटते. तबकडीच्या नावाच्या गाण्यात ही करवत आहे. मेलेल्या माणसाची आठवण गाण्यात आणायची, तर याहून योग्य वाद्य कोणते?

एका चिजेची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. 'ओ कमली' हे आठ मिनिटांहून लांबलेले गाणे. आवाजाची पातळी नीट आहे ना, हे तपासण्यापुरते मँगम गिटार घेऊन बसला आणि गाऊ लागला. थांबायचे भानच राहिले नाही. गाणे शेवटपर्यंत गाऊन झाले. पलीकडच्या खोलीत ऐकणाऱ्या मित्राच्या तोंडून नकळत आश्चर्याचा उद्गार बाहेर पडला, आणि तोही फितीवर उतरला. पितळी वाद्ये मागाहून भरली, पण ते गाणे पुन्हा म्हटले नाही. तो उद्गारही पुसला नाही. आजही तो कान देऊन ऐकला तर ऐकू येतो. तबकडीची अखेरही तशीच. शेवटचे गाणे संपते, गिटार खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि माणूस उठून चालता होतो.

आवरणावर एक जुने युरोपियन टपालपत्र आहे. समुद्रस्नानाला आलेली माणसे त्यावर दिसतात, पण एका बाईच्या चेहऱ्याच्या जागी डफासारखे वाद्य बसवलेले आहे. चित्रकार क्रिस बिल्हायमर यांची ही योजना. विमान, समुद्र, जुने चित्र आणि नसलेला चेहरा. गाण्यांत जे आहे तेच आवरणावरही आले.

तर अशी ही तबकडी १९९८ साली लोकांपुढे आली. स्वागत कसे झाले म्हणाल, तर बरे झाले. लहान मासिकांनी आणि विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांनी कौतुक केले. 'रोलिंग स्टोन' या बड्या पत्राने पाचांपैकी तीन तारे देऊन वाटेला लावले. तेव्हा नव्यानेच निघालेल्या 'पिचफोर्क' या टीकापत्राने दहांपैकी ८.७ गुण दिले. अनेकांना मँगमचा गळा कर्कश वाटला, शब्द दुर्बोध वाटले. तक्रार खोटी नाही. तो वरच्या पट्टीत ओरडून गातो, आणि ओळीमागून ओळी अशा येतात, की अर्थ लावता लावता पुढची प्रतिमा अंगावर येऊन आदळते. आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांनी ते दुःख सोसले नाही अशा परदेशी तरुणाने त्या मुलीच्या मरणावर गाणी करावीत का? दुसऱ्याच्या चितेवर आपले हात शेकण्यासारखे तर हे नव्हे?

हा प्रश्न टाळू नये. माझे उत्तर विचाराल, तर एवढेच म्हणेन, की मँगमने या गाण्यांत अ‍ॅनच्या तोंडी स्वतःचे शब्द घातलेले नाहीत, आणि तिच्या दुःखाचा मालक म्हणूनही तो उभा राहिलेला नाही. पुस्तक वाचून जो माणूस मोडून पडला, त्या वाचकाची ही गाणी आहेत. वाचकाला रडण्याचा अधिकार असतोच. ते रडणे बाजारात मांडावे की नाही, यावर मात्र दोन मते राहतील. आणि पुढे काय घडले ते पाहिले, तर खुद्द मँगमच्या मनातही ती दोन मते असावीत असे वाटते.

कारण १९९८ साल संपता संपता त्याने गाणे थांबवले. दौऱ्यात गर्दी वाढत होती, लोक गाण्यांचे अर्थ विचारीत होते, काही तर त्याला साधुपुरुषच मानू लागले होते. अशा वेळी कोणीही दुसरी तबकडी काढली असती. हा माणूस घरी जाऊन बसला. २००२ सालच्या एका मुलाखतीत त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की मनापासून गायलो म्हणजे सगळे दुःख धुऊन निघेल अशी माझी समजूत होती. पण गाऊनही आजूबाजूची जिवलग माणसे दुःखीच राहिली, आणि मग गाण्याचे प्रयोजनच कळेना. वाचकहो, यशाने माणसे फुगतात हे आपण नेहमी पाहतो. यश येऊनही गाण्याने दुःख हटत नाही म्हणून खचणारा कलावंत विरळा. त्या काळात त्याने फार थोडे केले. २००० साली बल्गेरियातल्या कोप्रिव्श्तित्सा गावी लोकसंगीताच्या जत्रेत जाऊन तिथले आवाज टिपून आणले. न्यू जर्सीतल्या एका मुक्त रेडिओ केंद्रावर काही रात्री दुसऱ्यांच्या तबकड्या वाजवल्या, त्याही टोपणनावाने. गायक असलेला माणूस निवेदक झाला. स्वतःचा आवाज बंद करून इतरांचे आवाज लोकांना ऐकवू लागला.

आणि इकडे तबकडी मात्र चालू लागली! ती कशी चालली, हे मोठे मजेचे आहे. एकाने ऐकली, त्याने मित्राला कॅसेट करून दिली. मित्राला ती इतकी आवडली, की त्याने दुकानातून विकत घेतली आणि मग बहिणीला ऐकवली. थोड्याच वर्षांत घरोघरी संगणकाचे जाळे पोहोचले, आणि कॅसेटची देवघेव त्या जाळ्यावरून होऊ लागली. रस्टनची चार मुले टपालाने जे करीत होती, तेच आता हजारो अनोळखी माणसे करू लागली. २००३ साली 'मॅग्नेट' मासिकाने मागल्या दहा वर्षांतली सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका म्हणून हिची निवड केली. २००५ साली ती इंग्लंडात नव्याने निघाली, तेव्हा 'पिचफोर्क'ने आपले जुने ८.७ गुण रद्द करून दहांपैकी दहा दिले. २००८ साली अमेरिकेत काळ्या तबकड्यांची हौस पुन्हा वाढली होती. त्या वर्षी सर्वाधिक खपलेल्या पहिल्या दहा तबकड्यांत ही दहा वर्षांपूर्वीची तबकडी होती. आणि २०२० साली 'रोलिंग स्टोन'नेच आपल्या पाचशे निवडक ध्वनिमुद्रिकांत तिला जागा दिली. तीन ताऱ्यांची भरपाई बावीस वर्षांनी झाली म्हणायची!

मर्ज कंपनीलाही याचे फळ मिळाले. कॅनडातल्या 'आर्केड फायर' या वाद्यमेळाला ही कंपनी जवळची वाटली, त्यात 'न्यूट्रल मिल्क हॉटेल'चा वाटा होता. त्याच 'आर्केड फायर'च्या 'द सबर्ब्स' या तबकडीला २०११ साली वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. विशीत, मित्रांची गाणी काढावीत म्हणून उघडलेली कंपनी तिथवर पोहोचली.

मँगम पुढे हळूहळू बाहेर आला. २०१० साली एका आजारी सहकलावंताच्या मदतीसाठी झालेल्या जलशात तो गायला. २०११ मध्ये एकट्याने दौरे केले, आणि २०१३ ते २०१५ या काळात जुना वाद्यमेळ पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. श्रोत्यांना एकच विनंती असे: छायाचित्रे घेऊ नका, नुसते ऐका. समोर बसलेल्यांत कितीतरी जण असे होते, की तबकडी निघाली तेव्हा ते बालवाडीतही गेले नव्हते. नवे गाणे मात्र त्याने दिले नाही, आणि ते मागण्याचा आपल्याला तरी काय अधिकार?

जाता जाता श्नायडरचे सांगतो, कारण त्यात आपल्या देशाचा एक धागा आहे. आवाज फाडणारा हा ध्वनिमुद्रक पुढे गणिताच्या नादी लागला आणि २०१८ साली एमरी विद्यापीठातून त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याचा विषय संख्यांची विभागणी. चार हा आकडा पाच प्रकारांनी मांडता येतो: नुसता चार, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन, एक आणि एक, किंवा चार वेळा एक. आकडा वाढला, की हे प्रकार अफाट वाढतात. त्यांची संख्या मोजण्याचा मार्ग १९१८ साली आपल्या रामानुजनांनी हार्डी यांच्यासह दाखवला. रामानुजनांच्या वह्याही त्यांच्या मागे कित्येक वर्षे कपाटात पडून होत्या, आणि त्यांचे वाचक पुष्कळ उशिरा जन्मले.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर काय? हिशेब चुकला तो कुठे? मला वाटते, 'आज' किती खपेल, याचा अंदाज कंपनीने बरोबर केला होता. चूक झाली ती एवढीच, की श्रोत्यांची शिरगणती आजच्या दिवशी करता येते असे धरून चालले. उद्या जन्मणारा, परवा मोठा होणारा आणि तेरवा दुःखात पडणारा श्रोता कोणत्याही खानेसुमारीत येत नाही. कंपनी लहान होती म्हणून तिला थांबायला परवडले. तिने तबकडी बंद केली नाही. मागणी आली, की पुन्हा छापली. मोठ्या कंपनीने सात हजारांचा माल दोन वर्षांत मोडीत काढला असता, आणि आज ही हकीकत सांगायला मी बसलो नसतो.

अ‍ॅन फ्रँकला कोणी वाचवू शकले नाही. मँगमच्या गाण्यानेही ती वाचली नाही, आणि हे त्याला फार लागले. पण ज्या मुलीने मागल्या खोलीत बसून, कोणी वाचील की नाही हे ठाऊक नसताना, वहीत लिहिले, तिच्या शब्दांनी पन्नास वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या एका तरुणाची झोप उडवली. त्याने घरगुती स्टुडिओत गायलेली गाणी ऐकून, तो स्वतः गप्प झाल्यावर, आणखी कित्येकांनी ती रोजनिशी उघडली असेल. आपण लिहितो, बोलतो, गातो, ते कोणाला, केव्हा पोहोचेल याचा नेम नसतो. आम्हा रेडिओवाल्यांना तर हे रोजचेच. इथे मायक्रोफोनसमोर बोलायचे, आणि ऐकणारा कोण, ते कधी कळत नाही. तरीही शब्द नीट उच्चारायचा, सूर नीट लावायचा. ही तबकडी कधी हाती आली, तर पहिल्या ऐकण्यात गळा कर्कश वाटला म्हणून ती बंद करू नका. रात्रीच्या निवांत वेळी पुन्हा एकदा लावा, आणि शेवटी गिटार खाली ठेवल्याचा तो आवाज येईपर्यंत थांबा.